धुक्यात थांबवणार कोण?

मार्गशीर्ष सरत आला की पंजाबपासून बिहारपर्यंतच्या सपाट मुलखावर धुके उतरते आणि हिमालयातील घाटवाटा हिमाखाली जातात. हा क्रम वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. त्याबरोबरच आणखी एक क्रमही ठरून गेला आहे. आगगाड्या आठ आठ, दहा दहा तास उशिरा धावतात, विमानतळांवर प्रवासी खोळंबतात, महामार्गांवर एका वाहनावर दुसरे आणि दुसऱ्यावर तिसरे जाऊन आदळते, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून 'धुक्याचे बळी' अशा मथळ्याखाली दहा-बारा ओळी येतात. चार दिवस हळहळ होते, एखादी चौकशी जाहीर होते आणि माघ संपता संपता धुक्याबरोबर चौकशीही विरून जाते. एरवी आतील पानावर हवामानाच्या कोष्टकाशेजारी बसणारा हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत, याचे कारण असे की, त्या नेहमीच्या मथळ्यातच एक मोठा भ्रम दडलेला आहे. धुके कोणाचाही बळी घेत नाही. दिसत नसताना धावणाऱ्याचा बळी धावणे घेते. आणि त्याला धावू देणारी व्यवस्था त्या पापाची वाटेकरी असते.

हे विधान कोणास अतिशयोक्त वाटेल, म्हणून सरकारी आकड्यांकडेच वळू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १४ हजारांहून अधिक माणसे धुकट हवेत झालेल्या अपघातांत गेली. यांतील प्रत्येक मृत्यू केवळ धुक्यामुळेच झाला, असे कोणी म्हणणार नाही. बेफाम वेग, अपुरी झोप, मागचे दिवे नसलेली वाहने ही कारणेही त्यांत मिसळलेली असणारच. तथापि ती सर्व वजा घातली तरी उरणारी संख्या भयंकरच आहे. आता याची तुलना रेल्वेशी आणि विमानांशी करून पाहा. धुके तेच, प्रदेश तोच, रात्रही तीच. परंतु त्याच वर्षी आगगाडीच्या वा विमानाच्या प्रवासात धुक्यापायी याच्या शतांशानेही माणसे दगावली नाहीत. असे का व्हावे? या एका प्रश्नाचे उत्तर नीट शोधले तर बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते, असे आम्हांस वाटते.

प्रथम धुक्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. हिवाळ्यातील लांब आणि निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्या लगतची हवा थंड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहून तिच्यावर झाकणासारखी बसते. वारा पडलेला असतो. गव्हाच्या शेतांना दिलेले पाणी आणि भूमध्य सागराकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांनी शिंपडून गेलेला पाऊस यांमुळे हवेत ओल असते. धूर आणि धूळ यांचे सूक्ष्म कण त्या ओलीला धरावयास आधार देतात. एवढे सारे जुळून आले की दाट धुके तयार होते. २०० मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते आणि ५० मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे अतिदाट. या धुक्याचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेचे सूत्रचालन आपल्या पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेकडे आहे, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. २०१५ च्या हिवाळ्यापासून या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या विमानतळावर उपकरणे मांडून धुक्याचे जन्म-मरण नोंदविले आणि त्यावरून धुक्याचा अंदाज आगाऊ वर्तविण्याचे तंत्र पुष्कळ सुधारले. सारांश, धुके हा आता अवचित पडणारा दरोडा राहिलेला नाही. तो तिथी कळवून येणारा पाहुणा आहे. तिथी माहीत असूनही घर आवरून ठेवले नाही, तर दोष पाहुण्याला देता येत नाही.

आता रेल्वेकडे पाहू. रेल्वेच्या कारभारावर टीका करण्याचे प्रसंग वृत्तपत्रांना वारंवार येतात. परंतु धुक्याच्या बाबतीत तिने घालून घेतलेली शिस्त वाखाणण्याजोगी आहे. स्टेशनमास्तरने आपल्या जागेवरून १८० मीटर अंतरावरची एक ठरलेली खूण दिसते की नाही ते पाहावयाचे. ती दिसेनाशी झाली की मग अंदाज नाही, तर्क नाही, कोणाची परवानगी नाही. धुक्याचा नियम लागू झाला! मग माणसे निघतात आणि सिग्नलच्या अलीकडे किमान २७० मीटरांवर, परस्परांपासून दहा मीटरांच्या अंतराने, दोन फटाके रुळावर बांधतात. इंजिनाच्या चाकाखाली ते वाजले की चालकाला कळते की सिग्नल जवळ आला. ज्या वेळी डोळे निकामी होतात, त्या वेळी कानांनी पाहण्याची ही युक्ती फार जुनी आहे. तिच्या जोडीला आता उपग्रहाच्या साहाय्याने पुढच्या सिग्नलचे अंतर सांगणारी यंत्रे चालकांच्या हाती आली आहेत. २०२३-२४ च्या हिवाळ्यासाठी अशी १९,७४२ यंत्रे देण्यात आली होती. या यंत्रांमुळे धुक्यातील वेगाची मर्यादा ताशी ६० वरून ७५ किलोमीटरांवर नेता आली.

हे सारे सुखासुखी झालेले नाही. २ जानेवारी २०१० रोजी उत्तर प्रदेशात दाट धुक्यात एकाच दिवशी रेल्वेचे तीन अपघात झाले. त्यांपैकी कानपूरजवळ पनकी येथे गोरखधाम एक्सप्रेस पुढे असलेल्या प्रयागराज एक्सप्रेसवर मागून आदळली. चालकाच्या डोळ्यांवर अखेरचा भरवसा ठेवता येत नाही, हा धडा अशा अपघातांनीच दिला. चालकाने सिग्नल ओलांडला तर गाडीला आपणहून थांबविणारी 'कवच' ही प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावरील मथुरा-कोटा टप्प्यावर ती सुरू झाली. देशातील रेल्वेमार्गांची लांबी पाहता हे काम फार संथ चालले आहे, हे म्हणणे प्राप्त आहे. पण दिशा बरोबर आहे. दिसत नसेल तर हळू चला, आणि तरीही दिसत नसेल तर थांबा, हा या सर्व व्यवस्थेचा गाभा आहे. गाडी उशिरा येते ती रेल्वेच्या गलथानपणामुळे येते असा आपला नेहमीचा समज असतो. धुक्याच्या दिवसांत मात्र ती पुष्कळदा त्या शिस्तीमुळे उशिरा येते.

विमानांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. दिल्लीच्या विमानतळावर धावपट्टीवर अवघे ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरविता येईल अशी यंत्रणा बसविलेली आहे. उड्डाणासाठी मात्र साधारणतः १२५ मीटर दिसावे लागते. विमान तशा उपकरणांनी सज्ज नसेल किंवा वैमानिकाने तसे खास शिक्षण घेतलेले नसेल, तर ते विमान दिल्लीत उतरत नाही. दुसरीकडे वळविले जाते. येथे वैमानिकाच्या धाडसाला, कंपनीच्या घाईला वा प्रवाशाच्या आरडाओरडीला स्थान नाही. आकडा खाली गेला की दार बंद! या शिस्तीत ढिलाई झाली तर जाब विचारणारेही कोणी आहे. धुक्यात उतरण्याचे शिक्षण घेतलेले वैमानिक धुक्याच्या दिवसांत कामावर नेमले नाहीत म्हणून जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपयांचा दंड केला.

अर्थात थांबणे सुरक्षित झाले म्हणून ते सुसह्य झाले, असे नव्हे. त्याच महिन्यात, १४ जानेवारी २०२४ रोजी, गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईस वळविण्यात आले आणि तासन्‌तास ताटकळून त्रासलेले प्रवासी मुंबईच्या विमानतळावर विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. त्या प्रकाराबद्दल विमान कंपनीला १ कोटी २० लाख रुपयांचा आणि विमानतळ चालविणाऱ्या कंपनीला ६० लाख रुपयांचा दंड झाला. ते दृश्य लाजिरवाणे होते, यात शंका नाही. परंतु त्यातील एक गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. ते प्रवासी संतापलेले होते, भुकेलेले होते, दमलेले होते. पण ते सर्व जिवंत होते. थांबवलेल्या माणसाला जेवण आणि निवारा देणे, हा कारभाराचा प्रश्न आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. न थांबवलेल्या माणसाचा प्रश्न पुष्कळदा सुटण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

आता रस्त्याकडे या. येथे १८० मीटरांवरची खूण पाहणारा स्टेशनमास्तर नाही, ५० मीटरांचा आकडा सांगून दार लावणारा नियंत्रक नाही, रुळावर फटाका बांधणारा माणूस नाही. चालक आहे, त्याच्यासमोर पांढरी भिंत आहे आणि पाठीमागे भोंगा वाजवणारा दुसरा चालक आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. पुढे काही उभे आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद लागतो, असे धरले तरी ४० मीटर सरलेले असतात; मग ब्रेक लागून गाडी थांबावयास आणखी ५०-५५ मीटर लागतात. म्हणजे ५० मीटर दिसत असताना तिला शंभर मीटरांची गरज आहे. त्या चालकाने आपला अपघात ब्रेक दाबण्यापूर्वीच करून ठेवलेला असतो! हाच वेग ताशी ४० किलोमीटर असता तर ती २५ मीटरांच्या आसपास थांबली असती. लादलेल्या ट्रकला याहून किती तरी अधिक अंतर लागते, हे सांगावयास नको.

ऑगस्ट २०१२ मध्ये खुल्या झालेल्या ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किलोमीटरांच्या यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटर करण्यात येते. हेतू स्तुत्य आहे. पण वरच्या हिशोबाप्रमाणे अतिदाट धुक्यात ७५ हाही वेग प्राणघातक ठरतो. हवा ताशी बदलते आणि मर्यादा मात्र सबंध मोसमासाठी एकच राहते, हेच त्या उपायाचे वैगुण्य आहे. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी याच मार्गावर धूर-धुक्याच्या मिश्रणात एकापाठोपाठ एक मोटारी येऊन आदळत असल्याचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. त्याच दिवशी पंजाबात भटिंड्याजवळ पहिल्या अपघातातून वाचून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना मागून आलेल्या ट्रकने चिरडले. या दुसऱ्या घटनेचा विचार करावा. ती मुले पहिल्या अपघातातून वाचली होती. मागून येणाऱ्या वाहनांना पुढे अपघात झाला आहे एवढे सांगणारे कोणी असते, तर ती मुले घरी पोचली असती.

हिमाची कथा निराळी नाही. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवृष्टीत अडकलेल्या मोटारींमध्ये किमान २२ माणसे मेली. त्यांत मुले होती, सबंध कुटुंबे होती. त्यांच्यावर कडा कोसळला नव्हता की ती दरीत पडली नव्हती. उबेसाठी इंजिन चालू ठेवावे, बर्फाने धूर बाहेर जाण्याची नळी बुजावी आणि विषारी वायू आत साचावा, असे ते मरण होते. मोठ्या हिमवृष्टीचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. तरीही हजारो वाहने वर जाऊ दिली गेली. आणि हिम हटविणारी बहुतेक यंत्रे एकाच ठिकाणी उभी होती, असे चौकशीत आढळून आले. पुढे १५ अधिकारी निलंबित झाले. वरातीमागून निघालेले ते घोडे होते! आपणही फार शहाणे आहोत अशातला भाग नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मनालीच्या वर सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान हजारभर वाहने हिमात अडकली. पोलिसांनी रात्रभर खपून माणसे खाली आणली, म्हणून तेथे मरीची पुनरावृत्ती झाली नाही.

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा, १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झालेला सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, आणि ६ जून २०२५ रोजी काश्मीर खोऱ्यास उर्वरित देशाशी जोडणारा पूर्ण झालेला लोहमार्ग, ही सर्व कामे अभियंत्यांच्या कर्तबगारीची साक्ष देतात. ज्या गावांचा हिवाळ्यात सहा सहा महिने जगाशी संबंध तुटत असे, त्यांच्या रोग्यांना आणि विद्यार्थ्यांना या मार्गांनी नवे आयुष्य दिले आहे. पण बोगदा खिंड ओलांडून देतो; बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघड्यावरच असतो, आणि पूर्वी खिंड बंद म्हणून जे हौशी प्रवासी खालीच थांबत, ते आता थेट हिमाच्या दारात जाऊन उभे राहतात. निसर्गाने लावलेला अडसर आपण काढला. त्याच्या जागी विवेकाचा अडसर बसविण्याचे मात्र विसरलो.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो बिनतोड नसला तरी प्रामाणिक आहे. महामार्ग बंद ठेवले तर दूध, भाजी, औषधे कशी पोचावयाची? रात्रभर ट्रक उभा राहिला तर त्या चालकाची मजुरी कोण भरून देणार? रुग्णवाहिका अडवावयाची काय? या प्रश्नांची टिंगल करणे सोपे, पण अन्यायाचे होईल. थांबण्याची किंमत असते आणि आज ती बहुधा सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे भाड्याने गाडी हाकणाऱ्या चालकावर पडते. माल वेळेवर पोचला नाही तर दंड त्याला, आणि पोचविताना मेला तर बातमी 'धुक्याचा बळी'! म्हणूनच थांबण्याचा निर्णय त्या बापड्यावर सोपविणे अन्यायाचे आहे. ज्याचे पोट धावण्यावर अवलंबून आहे, तो थांबणार नाही. त्याला थांबविणारी सत्ता बाहेरची हवी आणि त्या सत्तेने थांबविले, एवढे कारण त्याच्या मालकापुढे पुरेसे ठरले पाहिजे.

ही सत्ता कायद्यात नाही, असेही नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव वा निर्बंध करण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. एक महिन्याहून अधिक काळ टिकणार नसेल, तर अशा बंदीला राजपत्रातील अधिसूचनाही लागत नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. शस्त्र म्यानात आहे; ते उपसण्याची इच्छा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमचे म्हणणे असे की, ज्या द्रुतगती मार्गांवर ठरलेल्या दारांतूनच वाहने आत येतात, त्यांवर दृश्यता मोजणारी उपकरणे ठराविक अंतरांवर बसवावीत. दृश्यता २०० मीटरांखाली गेली की वेगाची मर्यादा त्याप्रमाणे तत्काळ खाली आणावी. ५० मीटरांखाली गेली की पथकर नाक्यावरच वाहने रोखावीत आणि अत्यावश्यक वाहनांना तेवढे पोलिसांच्या गाडीमागून, रांगेने आणि कमी वेगाने सोडावे. रोखलेल्यांसाठी नाक्याजवळ प्रशस्त तळ, ऊब, चहा-जेवण आणि स्वच्छतागृहे असावीत. पथकर घेणाऱ्याने रस्ताच तेवढा पुरवावयाचा आणि सुरक्षिततेची जबाबदारी धुक्यावर ढकलावयाची, ही पद्धत यापुढे चालू देता कामा नये. घाटातील हिमप्रदेशासही हाच न्याय लावावा. वर किती वाहने मावतात याचा आकडा ठरवावा आणि इशारा मिळताच खालचे दार लावावे.

हा प्रश्न उत्तरेचा, आपल्याला त्याचे काय, असे महाराष्ट्राने म्हणण्याचे कारण नाही. उत्तरेकडून येणारी गाडी उशिरा आली की तिचेच डबे घेऊन परत जाणारी गाडी मुंबईहून उशिरा सुटते, हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर खोळंबलेल्या कोणत्याही प्रवाशास ठाऊक आहे. नाताळच्या सुटीत काश्मीर-मनालीला जाणाऱ्या पर्यटकांत आणि माघस्नानासाठी प्रयागला जाणाऱ्या यात्रेकरूंत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. शिवाय धुके आपल्या घरीही आहे. खंडाळ्याच्या, कसाऱ्याच्या आणि आंबोलीच्या घाटांत ते हिवाळ्याऐवजी ऐन पावसाळ्यात उतरते, एवढाच फरक. उत्तरेने यावर व्यवस्था करावी म्हणून वाट पाहण्यापेक्षा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर महाराष्ट्रानेच तिचा पहिला धडा घालून दिला, तर धुक्याचे शास्त्र पुण्यात आणि त्याचा उपयोग दिल्लीत, हा विरोधाभास तरी सरेल.

अखेरीस एक शब्द प्रवाशांसाठी. सत्ताधाऱ्यांस थांबविण्याचे धैर्य होत नाही, याचे एक कारण असे की थांबविलेले आपल्यास आवडत नाही. गाडी चार तास उशिरा आली की आपण स्टेशनमास्तरला धारेवर धरतो, विमान सुटले नाही की खिडकीवरच्या मुलीवर ओरडतो, आणि भाड्याच्या मोटारीत बसलो की सकाळच्या लग्नाला पोचवावयाचेच, असे चालकाला बजावतो. त्या प्रत्येक प्रसंगी आपण नकळत धावण्याच्या बाजूने मत दिलेले असते. उशिराबद्दल माहिती मागा, जेवण मागा, पैसे परत मागा. तो तुमचा हक्क आहे. पण दिसत नसताना निघण्याचा आग्रह धरू नका, आणि जो थांबवील त्याच्या पाठीशी उभे राहा. आगगाडीने आणि विमानाने पुष्कळ प्राण वेचून जे शहाणपण मिळविले, ते रस्त्याला फुकट मिळू शकते. ते घेण्यास येणारा हिवाळा संपेपर्यंत थांबण्याचे मात्र काहीही कारण नाही.